मतांचे गणित: प्रतिमान काही सांगते, की आपण त्याच्याकडून वदवून घेतो?

(वक्ररेषा, संशयात्मा आणि शून्यलब्धी या तिघांमधली चर्चा)

वक्ररेषा

गटात मते कशी बनतात आणि कशी पसरतात, याची गणिती प्रतिमाने (मॉडेल्स) मांडण्याचे काम सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे. माझे म्हणणे असे आहे की, या प्रतिमानांनी उद्याचे लोकमत वर्तवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. लोकमताबद्दल आपण जी विधाने सहज करून जातो, त्यांची झडती घेणे हे त्यांचे खरे काम आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणत्याही साधनाने तितके नीट होत नाही.

सर्वांत साधे प्रतिमान घेऊ. १९५६ साली जॉन फ्रेंच यांनी आणि पुढे १९७४ साली मॉरिस डीग्रूट यांनी मांडलेल्या कल्पनेत प्रत्येकाचे मत हा एक आकडा असतो. दर फेरीला प्रत्येक जण स्वतःच्या आणि इतरांच्या मतांची भारित सरासरी काढतो आणि तेच आपले नवे मत मानतो. कोणाच्या मताला किती वजन द्यायचे हे आधी ठरलेले असते. प्रत्येकाचा प्रभाव थेट किंवा मधल्या माणसांमार्फत सर्वांपर्यंत पोहोचत असेल आणि निदान एक जण तरी स्वतःच्या मताला थोडे वजन देत असेल, तर सारा गट एकमतावर येतो, हे एवढ्यावरून सिद्ध करता येते. ते एकमत कोणाकडे झुकेल, हे मात्र कोणाचे मत बरोबर आहे यावर ठरत नाही. कोण कोणाचे ऐकतो याच्या जाळ्यात कोण कुठे बसला आहे यावर ठरते. ज्यांचे इतर लोक ऐकतात असे लोक ज्याचे ऐकतात, त्याचे वजन वाढते. (वेबपानांची क्रमवारी लावण्यासाठी गूगलने वापरलेले गणितही याच जातीचे आहे.)

म्हणजे ‘लोकांनी एकमेकांशी बोलत राहावे, मतभेद आपोआप मिटतील’ हे विधान या प्रतिमानात अक्षरशः खरे ठरते, आणि प्रत्यक्षात ते खरे नाही हे आपण रोज पाहतो. तेव्हा आपल्या गृहीतकांपैकी नेमके कोणते खोटे आहे, हा प्रश्न उभा राहतो. रॉबर्ट एबल्सन यांनी १९६४ सालीच तो विचारला होता: कायमची फूट पडलेला समाज गणितातून मिळवायचा, तर नेमके काय गृहीत धरावे लागेल?

संशयात्मा

आपण दिलेल्या शेवटच्या प्रश्नातच माझा आक्षेप आहे. फूट हवी आहे, म्हणून फूट पडेल असे गृहीतक शोधायचे, ही पद्धत मला उलटी वाटते.

२००० साली गिओम देफुआँ आणि सहकाऱ्यांनी, तर २००२ साली हेगसेलमान आणि क्राउझे यांनी मांडलेली मर्यादित विश्वासाची प्रतिमाने पाहा. दोन मतांतील अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तरच माणसे एकमेकांचे ऐकून जवळ सरकतात. एरवी ती एकमेकांकडे दुर्लक्ष करतात. देफुआँ यांच्या प्रतिमानात मते ० ते १ या पट्टीवर सारखी पसरलेली असली आणि मर्यादा ०.५ ठेवली, तर सगळे एका मतावर येतात; ती ०.२ केली की दोन मोठे गट उरतात. लांबच्याचे ऐकायचेच नाही असे आधी सांगून ठेवले, तर शेवटी लांबचे लांबच राहतात, यात आश्चर्य कशाचे? पिशवीत आपणच टाकलेला ससा बाहेर काढून दाखवण्यापलीकडे इथे काय घडते?

दुसरे असे की, ही ०.२ मर्यादा कोणत्या माणसावर, कोणत्या प्रश्नाबाबत, कशाने मोजायची? लांबीला मीटर असतो तसे मतांतील अंतराला एकक नाही. प्रश्नावलीत एक ते सात अशी पट्टी दिली, तर दोन आणि तीन यांतले अंतर सहा आणि सात यांतल्या अंतराएवढेच असते, असे मानण्याला आधार कोणता?

वक्ररेषा

मोजमापाचा आक्षेप मला मान्य आहे. सशाचा नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली दिलेले उदाहरण घ्या. शंभर माणसांचा जमाव आहे. आपल्याआधी किमान किती जण दंगलीत उतरले म्हणजे आपणही उतरू, याचा प्रत्येकाचा उंबरठा ठरलेला आहे: एकाचा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे थेट ९९ पर्यंत. पहिला माणूस आपणहून उतरतो, त्याला पाहून दुसरा, मग तिसरा, आणि शंभरही जण दंगलीत सामील होतात. आता फक्त एक बदल करा: ज्याचा उंबरठा १ होता, त्याचा २ करा. पहिला माणूस उतरतो आणि साखळी तिथेच तुटते. पहिल्या जमावाला आपण हिंसक म्हणू आणि दुसऱ्यात एक माथेफिरू होता असे म्हणू, पण दोन्ही जमावांतील माणसे जवळजवळ सारखीच आहेत. निष्पत्तीवरून माणसांचा स्वभाव ओळखण्याची जी सवय आपल्याला आहे, तिला हे उदाहरण सुरुंग लावते, आणि हा निष्कर्ष गृहीतकात कुठेही लिहिलेला नव्हता.

संशयात्मा

हे उदाहरण तलवारीच्या धारेवर उभे केलेले आहे. प्रत्येक पायरीवर नेमका एकच माणूस असलेला जमाव कोणी पाहिला आहे? उंबरठे थोडे दाटीवाटीने असते, तर एकाच्या बदलाने काहीही बिघडले नसते.

वक्ररेषा

ग्रॅनोव्हेटर तिथे थांबलेले नाहीत. त्याच लेखात त्यांनी उंबरठ्यांची सामान्य वितरणाची घंटाकृती मांडणीही (बहुतेकांचे उंबरठे सरासरीजवळ, टोकाचे थोडे) तपासली आहे. माणसे शंभरच, उंबरठ्यांची सरासरी २५ वर कायम ठेवली, आणि फक्त प्रमाण विचलन, म्हणजे उंबरठे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, हळूहळू वाढवत नेले. ते सुमारे १२ होईपर्यंत सहभागी होणाऱ्यांची संख्या सहाच्या आसपास राहते. ती सीमा ओलांडली की ही संख्या एकदम शंभराजवळ उडी घेते. सरासरी तीच आहे, म्हणजे केवळ सरासरी कल सांगणाऱ्या सर्वेक्षणाला दोन्ही समाज सारखेच दिसतील.

शून्यलब्धी

मी दोघांच्याही बाजूने नाही. प्रतिमाने गृहीतकातलेच परत देतात हा आक्षेप मला कच्चा वाटतो, कारण भूमितीही तेच करते. पण त्यांच्यातून बाहेर येणारे आकडे जेव्हा समाजाविषयीचे निष्कर्ष म्हणून फिरू लागतात, तेव्हा संशयात्मा यांची काळजी योग्य ठरते.

उदाहरणार्थ, २०११ साली काही संशोधकांनी दोन मतांच्या एका प्रतिमानात असे दाखवले की, आपल्या मतावरून कधीही न हलणारे लोक सुमारे १० टक्क्यांहून अधिक झाले, तर उरलेले बहुमत झपाट्याने त्यांच्याकडे वळते. हा आकडा ‘समाज बदलायला दहा टक्के निष्ठावंत पुरतात’ अशा स्वरूपात सर्वत्र पसरला. पुढे २०१८ साली डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग केला. एका चेहऱ्याला काय नाव द्यायचे, यावर गटात संकेत रुळू दिला आणि मग तो मोडण्यासाठी आपली माणसे त्यात पेरली. तिथे संकेत उलटण्याची सीमा सुमारे २५ टक्क्यांच्या आसपास आढळली. दहा आणि पंचवीस हा फरक तपशिलाचा नाही. चळवळ उभारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो अडीचपट कष्टांचा फरक आहे. शिवाय नाव निवडण्याच्या त्या खेळात इतरांशी जुळण्यातच फायदा होता. श्रद्धा किंवा हितसंबंध गुंतलेल्या प्रश्नाला पंचवीसचा आकडाही तसाच लावता येणार नाही.

संशयात्मा

शून्यलब्धी यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला. त्यात एक भर घालतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ सालच्या प्रयोगात रेषांच्या लांबीसारख्या उघड गोष्टीबद्दलही गटाने मुद्दाम चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे गटामागे गेली. मात्र उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले, की हे प्रमाण बरेच घटले. म्हणजे माणसाचे बोललेले मत आणि मनातले मत या दोन वेगळ्या राशी आहेत. आपल्या सरासरीत यांतली कोणती मिसळली जाते? लोक बोललेले ऐकतात आणि मनातले बदलतात, असे असेल, तर एका माणसाला एकच आकडा देणारे प्रत्येक समीकरण पहिल्याच ओळीत चुकते.

वक्ररेषा

एकच आकडा पुरत नाही, हे मान्य. पण त्यावरचा उपाय गणित सोडण्यात नसून दुसरी राशी घेण्यात आहे. फ्रीडकिन आणि जॉन्सन यांनी १९९० साली केलेला बदल त्याच दिशेचा होता: माणूस इतरांचे ऐकतो, पण स्वतःच्या मूळ मताला काही प्रमाणात चिकटूनही राहतो. एवढ्या एका भरीने सक्तीचे एकमत नाहीसे होते, आणि त्यासाठी कोणी लांबच्याकडे पाठ फिरवतो असे धरावे लागत नाही. फूट पडण्यासाठी माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत हे कारण आवश्यक आहे, असे आपण पिशवीतल्या सशाबद्दल बोलताना गृहीत धरले होते. ते आवश्यक नाही, हे कळायला हे समीकरणच लागले.

संशयात्मा

मग हा हट्टीपणा तरी कसा मोजणार? मत न बदललेला माणूस हट्टी होता, की त्याला पटण्याजोगे कोणी काही सांगितलेच नव्हते, हे केवळ फेऱ्यांच्या आकड्यांवरून वेगळे करता येते का?

वक्ररेषा

केवळ शेवटचे आकडे पाहून नाही. प्रत्येक फेरीनंतर मत नोंदवले आणि कोणी कोणाचे किती ऐकले हे सहभागींनाच विचारून घेतले, तर लहान गटांत अंदाज करता येतो. मोठ्या समाजात ही नोंद कोण ठेवणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही.