सैन्यावर सोडून मोकळं होता येत नाही

‘स्वातंत्र्याचं रक्षण हे सैन्याचं काम, आपण कर भरावा आणि मत द्यावं’ असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. सीमा सैन्य सांभाळतं, वादच नाही. पण १९७५ साली आपलं स्वातंत्र्य गेलं ते कुठल्या सीमेवरून?

आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. त्यांच्या अटकेला कोर्टात आव्हान देता येतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं की, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तरी दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. एप्रिल १९७६ मध्ये चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटेच विरोधात उभे राहिले. पुढे ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

गंमत बघा, नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घटनेत आली तीही त्याच काळात, १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने! म्हणून सरकार कर्तव्यांवर प्रवचन देऊ लागलं की मी जरा कान टवकारतो.

१९७७ साली लोकांनी मतपेटीतून हिशेब चुकता केला हे खरंच, तिथे मत देण्याचा तो मुद्दा मान्य. पण दोन निवडणुकांच्या मधल्या काळाचं काय? शेजारच्याला कागदपत्राविना उचलून नेलं, तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं का, एवढं विचारायला तरी पोलीस ठाण्यात कोण जाणार?