मदत हवी आहे: विकली गेलेली मुलगी परत आली आहे, तिचं मूल तिकडेच आहे, आधी काय करावं?

ओवी_मराठवाडा

गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या घरी परवा रात्रीपासून 22 वर्षांची एक मुलगी येऊन राहिली आहे. [गावाचं नाव संपादकांनी काढलं आहे.] पाच वर्षांपूर्वी नात्यातल्याच एका बाईने घरकाम लावून देते म्हणून तिला पुण्याला नेलं आणि तिथे विकलं. तिच्या नावावर 40 हजारांची उचल दाखवली होती, ती आजपर्यंत "फिटलेली नाही". तीन वर्षांची मुलगी आहे, ती घरवालीच्या (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या) ताब्यात आहे. हिच्याकडे एक मोबाईल सोडला तर काहीच नाही, आधार नाही, दाखला नाही. दलालाचे सारखे फोन येत आहेत. भावाचं म्हणणं, गाजावाजा नको, महिन्याभरात लग्न लावून टाकू. तिचं म्हणणं एकच: पोलीस नको, पोरगी आणून द्या.

माझे प्रश्न: पोलिसांशिवाय मूल मिळू शकतं का? हिला कुठे ठेवावं? कागदपत्रांची सुरुवात कुठून करायची?

सिस्टर_रातपाळी

ओवीताई, कागद आणि पोलीस नंतर. तुमच्या हातात सध्या तास आहेत आणि ते संपत चालले आहेत. शेवटचा शरीरसंबंध कधी आला एवढंच तिला एकांतात विचारा, बाकी काही नको. 72 तासांच्या आत असेल तर एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं सुरू करता येतात. जितकी लवकर तितकी उपयोगाची, आणि 28 दिवस खंड न पाडता घ्यावी लागतात. 72 तास उलटल्यावर डॉक्टर ती सुरूच करत नाहीत. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, एकच) हीसुद्धा 72 तासांत घेतलेली बरी, जितकी लवकर तितकी उपयोगाची. म्हणून उद्यावर टाकू नका, आजच जिल्हा रुग्णालय गाठा. ग्रामीण रुग्णालयात औषध शिल्लक आहे का हे फोन करून कळलं तरच तिकडे वळा, नाहीतर तिथून पुढे पाठवण्यात अर्धा दिवस जातो.

तपासण्या: एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), कावीळ ब, गरोदरपण. आजचा एचआयव्ही अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे सुटली असं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावाच लागतो. हे तिला आधी सांगितलं नाही तर ती दुसऱ्या वेळी येतच नाही. कावीळ ब ची लस तीन डोसांची असते: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. गरोदर निघाली आणि तिला मूल नको असेल, तर बलात्कारपीडितेला 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे.

पुरावा म्हणून नमुने 96 तासांपर्यंत घेतात. निघाली त्या रात्रीचे कपडे धुतले नसतील तर धुवू नका. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. तपासणी तिच्या संमतीनेच, आणि एखादा भाग नको म्हणण्याचा हक्क तिला आहे. "दोन बोटांची" तपासणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्टपणे नाकारली आहे. कुणी करायला गेलं तर तिथेच थांबवा.

रुग्णालय पोलिसांना कळवणार, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण पोलिसांशी आत्ता बोलणार नाही असं ती म्हणाली म्हणून उपचार अडवता येत नाहीत, आणि ते मोफतच द्यावे लागतात (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 397).

आणखी एक, अशा वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू होत्या का, हे विचारा. दारू एकदम सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झटकेही येतात. घरचे "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा लावत बसतात आणि जिवावर बेततं. डॉक्टरला हे स्पष्ट सांगा.

कोर्टनाका

आज 22, नेलं पाच वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हा ती 17 ची होती. सगळा विचार इथून बदलतो.

ती 18 च्या आत असताना अत्याचार झाला, म्हणून पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, आज ती सज्ञान असली तरीही. आणि पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावी लागते. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. तेव्हा अंगणवाडी ताईंनी "तू म्हणशील तसं, कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नये. दिला असेल तर आजच तिच्यासमोर बसून खरं काय ते सांगावं. असा शब्द मोडला की पुढे ती कुणावरच विश्वास ठेवत नाही, मग जबाबही अर्धवट देते.

मात्र कळवणं वेगळं आणि जबाब वेगळा. कळवायचं आहे, हे कायद्याने ठरवलं. कोणत्या दिवशी बोलायचं, कुठे, कोण शेजारी बसेल, हे तिच्याकडून ठरवून घ्या. बलात्काराच्या गुन्ह्यात जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, महिला अधिकाऱ्यानेच, आणि आईवडील, नातेवाईक किंवा परिसरातल्या समाजसेविकेसमोर घ्यायचा असतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 176; पुढची 183 आणि 173 ही कलमंही त्याच कायद्यातली). भाऊ लग्नाचं बोलतो आहे, म्हणून तो खोलीत नसलेला बरा. नंतर कलम 183 प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो, तो शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागा.

गुन्हा पुण्यातला म्हणून तुमचं ठाणं परत पाठवू शकत नाही. कलम 173 प्रमाणे हद्द न बघता नोंद घ्यायची, मग ती पुण्याला वर्ग होते. नाही घेतली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने, आणि तरीही नाही तर न्यायदंडाधिकारी. तिला 1 जुलै 2024 च्या आधी नेलं असेल, तर त्या काळासाठी जुनं भारतीय दंड विधान (कलम 370) आणि 1 जुलै 2024 पासूनच्या कृत्यांना त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 143, 144 लागतं. दोन्ही नोंदवून घ्या. पोलिसांना नुसतं "पिटा" (देहव्यापार प्रतिबंधक कायदा) लावून मोकळं होऊ देऊ नका, तिथे शिक्षा कमी आणि कधी कधी बाईच आरोपीच्या रांगेत दिसते. "ती राजीखुशीने राहत होती" हा बचाव मानवी व्यापाराच्या कलमात चालत नाही, पीडितेची संमती तिथे गैरलागू आहे.

वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आजच काढायला सांगा. हाडांची तपासणी अंदाजच देते, आणि बचावपक्ष नेमका त्या अंदाजातला फरक ओढून ती सज्ञान होती असं दाखवतो.

उचल: ही वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने असं कर्ज रद्दच ठरतं, एक रुपयाही देणं लागत नाही. घरवालीचा फोन आला की हिच्या मनात पहिलं तेच येतं, म्हणून तिला हे नीट समजावून सांगा. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून मुक्तता प्रमाणपत्र मिळालं तर केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30 हजारांपर्यंत, आणि देहविक्रीसारख्या प्रकरणात पुनर्वसनाची रक्कम 3 लाखांपर्यंत आहे. मोठी रक्कम खटल्याशी बांधलेली असते, ती लगेच हातात येणार नाही. बलात्काराच्या गुन्ह्यासाठी "मनोधैर्य" या राज्याच्या मदत योजनेचा अर्ज वेगळा, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. तिथेच मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि मानवी व्यापारातल्या पीडितांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही (दूरध्वनी 15100). बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडा. संयुक्त खातं म्हणजे पैसे भावाचे.

शेवटचं, याच धाग्याबद्दल: तिची ओळख पटेल असं काहीही इथे लिहू नका. न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि दलालही मराठी वाचतात.

पाळणाघर_पुणे

मुलीबद्दल. पोलिसांशिवाय मूल आणायचं म्हणजे कुणीतरी तिथे जाऊन मागायचं, आणि ते करू नका. हिने तर मुळीच जाऊ नये. "ये, पोरगी घेऊन जा" हा फोन येईलच, तोच सापळा असतो. कुणी ओळखीच्या माणसाकरवी चौकशीही करू नका. घरवालीला सुगावा लागला की मूल दुसऱ्या गावाला हलवतात, आणि मग पत्ताच उरत नाही.

मूल ज्या जिल्ह्यात आहे तिथली बालकल्याण समिती, म्हणजे पुण्याची. तक्रार वर्ग होण्यात दिवस जातात, त्यामुळे त्याची वाट न बघता आईच्या सहीचा अर्ज थेट समितीला द्या आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. अर्जात मुलीचं नाव, वय, अंगावरची खूण, हाक मारायचं नाव, खोलीची खूणगाठ (कोणता मजला, जिना कुठून, दाराचा रंग, खाली कोणतं दुकान), मूल दिवसा कुठे असतं, रात्री कुणाजवळ झोपतं. रात्रीची जागा बऱ्याचदा वेगळी असते, आणि पथक रिकाम्या हाताने परत येतं ते त्यामुळेच. समितीला पोलीस ठाण्याऐवजी पोलीस आयुक्तालयातल्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाला कळवायला सांगा.

सापडल्यावर 24 तासांत मूल समितीपुढे येतं. आई हीच, हे दाखवायला लसीकरणाचं कार्ड, रुग्णालयाचा जन्माचा कागद, मोबाईलमधले फोटो. काहीच नसेल तर ज्या रुग्णालयात बाळंतपण झालं तिथली नोंद मागवता येते, त्याची तारीख आईकडून आत्ताच लिहून घ्या.

समुपदेशक_शुभा

जागेबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचं "सखी" वन स्टॉप सेंटर आहे, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केलात की पत्ता आणि गाडीची सोय विचारता येते. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पुढे "शक्ती सदन", म्हणजे पूर्वीच्या स्वाधार आणि उज्ज्वला या दोन्ही योजना एकत्र करून केलेला निवारा. पाठवण्याआधी अधीक्षिकेला फोनवर चारच गोष्टी विचारा: मोबाईल जवळ ठेवता येतो का, बाहेर जायला परवानगी कशी मिळते, मुलगी आल्यावर सोबत ठेवतील का, रात्री दार बाहेरून कुलूपबंद असतं का. शेवटच्याचं उत्तर "हो" आलं तर दुसरी जागा बघा. ज्या बाईला पाच वर्षं कुलूप लावून ठेवलं तिला पुन्हा कुलूप नको. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध गृहात डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

काय झालं ते सारखं विचारू नका आणि व्हिडिओ तर अजिबात नको. चार जणांना चार वेळा सांगितलं की तपशिलात फरक पडतोच, आणि उलटतपासणीत तोच वापरतात. "पळून का नाही आलीस?" हा प्रश्न घरात कुणीच विचारणार नाही, हे आधी ठरवा. ती घरवालीला स्वतःहून फोन करेल, तिची चौकशी करेल. चिडू नका. पाच वर्षं खायला घालणारी आणि मारणारी बाई एकच होती. परत गेलीच, तरी अंगणवाडी ताईंचा नंबर तिला पाठ असू द्या.

कोर्टनाका

मोबाईलबद्दल राहिलं. सिम मोडू नका, फोन रीसेट करू नका, तोच पुरावा आहे. लोकेशन बंद करा, आणि गुगल खातं दुसऱ्या कुणाचं चालू आहे का बघा, बऱ्याचदा घरवालीच्याच नावाने ते उघडलेलं असतं. कॉलची यादी आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. दलालाशी कुणीही वाद घालू नका, धमक्या येऊ द्या, नोंद होते.

ओवी_मराठवाडा

सगळ्यांचे आभार. 72 तास व्हायला अजून वेळ आहे. जिल्हा रुग्णालयाला फोन झाला, औषध आहे. दुपारच्या गाडीने निघतोय. कळवावं लागेल हे तिला सांगितलं, रडली, मग म्हणाली बाई पोलीस असेल आणि ताई शेजारी असेल तर बोलेन. शाळेच्या मुख्याध्यापकांना दाखला मागितला आहे, कारण सांगितलं नाही.

समुपदेशक_शुभा

कारण सांगू नका, बरोबर केलंत. निघताना तिच्या मापाचे दोन जोड कपडे आणि थोडे सुटे पैसे तिच्याच हातात द्या. रुग्णालयात ताईंनी बाहेर थांबायचं की आत, हे डॉक्टरसमोर तिलाच विचारा. तक्रार लिहून झाली की सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत मागा, ती फुकट मिळते. आणि सखी केंद्रातले पाच दिवस भराभर जातात. शक्ती सदनचा अर्ज दुसऱ्या दिवशीच भरून द्या, नाहीतर पाचव्या दिवशी संध्याकाळी भाऊ दारात आणि पर्याय काहीच नाही असं होतं.