लाकडी पेलेटच्या ग्रिलवर धूर दिलेली अळंबी कडवट का होते?

प्रश्न : गच्चीवरची चूल, मनीषनगर, नागपूर

सर्वांना नमस्कार. माझे धाकटे दीर दुबईहून कायमचे परतले तेव्हा घरसामानाबरोबर लाकडी पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या बारीक कांड्यांवर, चालणारी ग्रिल घेऊन आले आणि जागेअभावी ती आमच्या गच्चीवर आली. आमचे घर शाकाहारी असल्यामुळे मी तिच्यावर प्रामुख्याने बटन अळंबी करते. ग्रिलबरोबर आलेल्या पोत्यातील पेलेट होते तोपर्यंत अळंबी इतकी सुरेख होत असे की हिवाळ्यात शेतावर तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरिताची आठवण यावी. ते पोते जूनमध्ये संपले. त्यानंतर मी एका विक्रेत्याकडून कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकले जाणारे पेलेट आणले, कारण दिसायला ते अगदी तसेच होते आणि किंमतही बरीच कमी होती.

गेल्या रविवारी अळंबी अर्धा तास पाण्यात ठेवून धुतली, मीठ चोळले, ग्रिल पेटवताच आत ठेवून झाकण लावले आणि १५० अंश सेल्सिअसवर दीड तास ठेवली. बाहेर काढली तेव्हा वरून काळपट, बोटाला चिकटणारा थर बसला होता, आतून ती रबरासारखी लागत होती आणि चव इतकी कडू होती की जीभ काही वेळ बधिर झाली. सासूबाईंनी एक फोड तोंडात घालून ताट बाजूला सरकवले. दोष पेलेटचा आहे, आचेचा आहे की माझ्या पद्धतीचा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. शिवाय काटोलला माझ्या माहेरी संत्र्याची जुनी झाडे काढली आहेत. त्या लाकडाचे बारीक तुकडे पेलेटच्या टाकीत घातले तर चालतील का?

प्रतिसाद १ : धूर आणि धग

ताई, आपण लिहिले त्यावरून सर्वांत मोठा दोष पेलेटचा आहे आणि तो दूर झाल्याशिवाय बाकीचे काहीही बदलून उपयोग होणार नाही. बॉयलरचे पेलेट सोयाबीनचे कुटार, भुईमुगाची टरफले, पऱ्हाटी, कारखान्यांतील लाकडाचा भुसा अशा जे मिळेल त्या मालातून तयार होतात. त्या भुशात प्लायवूडचा भुसा असेल तर त्यातील चिकटद्रव्य धुरात उतरते, आणि पऱ्हाटीवर तर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. काडीकचऱ्याची राखही निव्वळ लाकडापेक्षा कितीतरी जास्त पडते. ती राख ग्रिलच्या अग्निपात्रात साचली की वाऱ्याची छिद्रे बुजतात, जाळ धड लागत नाही, आणि नुसत्या धुमसण्यातून दाट पांढरा धूर निघत राहतो. आपल्या जिभेला जाणवलेला बधिरपणा हा त्या धुराचाच परिणाम आहे.

कोणी म्हणेल की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटीवर नि तुराट्यांवर वांगी भाजली जातात. खरे आहे, परंतु तिथे आच काही मिनिटांची असते आणि करपलेली साल आपण सोलून टाकतो. अळंबीला सोलण्याजोगी साल नाही, त्यामुळे धुराने तिच्यावर जे बसवले ते सगळे आपल्या पोटात जाते. म्हणून पोत्यावर अन्न शिजवण्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले, केवळ कठीण लाकडाचे पेलेटच घ्यावेत, मग ते महाग का पडेनात.

आता आचेविषयी. १९८०च्या दशकात अमेरिकेतील ओरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी ही ग्रिल घडवली, आणि तिची मूळ रचना आजही तशीच आहे : टाकीतील पेलेट एक फिरते मळसूत्र थोडे थोडे करून अग्निपात्रात ढकलते, पंखा वारा देतो आणि नियंत्रक तापमान पाहून दोन्हींचा वेग ठरवतो. तापमान वाढवले की जाळ स्वच्छ होतो, पेलेट पूर्ण जळतात आणि धूर कमी होतो. म्हणजे १५० अंशांवर आपली ग्रिल खरे तर भट्टीसारखी वागत असते. धुरासाठी ८० ते ११० अंश ही पट्टी योग्य आहे. पेटवल्यावर पहिली सात-आठ मिनिटे, किंवा आपल्या ग्रिलच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, दाट पांढरा धूर निघून जाऊ द्यावा. धुराड्यातून पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा धूर येऊ लागला की मगच अळंबी आत ठेवावी. धूर जितका दाट तितकी चव जास्त, हा समज अळंबीच्या बाबतीत फार महागात पडतो.

पावसाळ्याचेही एक सांगतो. पेलेट म्हणजे दाबून बसवलेला भुसाच, आणि नागपुरातील जुलैची हवा त्याला आठवडाभरात फुगवते. एक पेलेट हातात घेऊन मोडून पाहा. कोरडा असेल तर टक्‌ आवाज करून तुटतो आणि त्याचे अंग चकचकीत दिसते. ओल धरलेला असेल तर चिमटीत भुगा होतो. तो भुगा मळसूत्रात अडकला तर संपूर्ण नळी खोलून साफ करावी लागते, त्यामुळे स्वयंपाक झाल्यावर टाकी रिकामी करून पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हेच बरे.

प्रतिसाद २ : कुटारावरची धिंगरी

मी हिंगण्याजवळ सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी (ऑयस्टर) अळंबी घेतो, म्हणून अळंबीच्या बाजूने लिहितो. अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. अर्धा तास भिजवून आपण त्यात आणखी भर घातली आणि आधी मीठ चोळल्यामुळे तेच पाणी पृष्ठभागावर आले. ओथंबलेल्या अळंबीवर धूर नीट बसत नाही, पाण्याबरोबर त्याचे काळे ओघळ होतात. अळंबी वाहत्या पाण्याखाली झटपट धुवावी, फडक्याने टिपावी आणि पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पसरून ठेवावी. बाजारात बटन अळंबी प्लॅस्टिकच्या वेष्टनात मिळते आणि आतून त्यावर वाफ धरलेली असते, म्हणून आदल्या रात्रीच ती कागदी पिशवीत काढून फ्रिजमध्ये ठेवली तर काम आणखी सोपे होते. बोट लावले असता अंग ओले नव्हे पण किंचित चिकटसर लागले पाहिजे, कारण धूर त्या चिकटसरपणावरच धरतो. मग तेलाचा अगदी पुसटसा हात फिरवावा आणि मीठ सर्वांत शेवटी घालावे.

रबरासारखे लागण्याचे कारण असे की पाणी अर्धवट सुटून अळंबी त्यातच वाफवली गेली. अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिन या द्रव्याच्या असतात, जे झिंग्यांच्या कवचातही असते, आणि ते उष्णतेने विरघळत नाही. त्यामुळे अळंबी वांग्यासारखी जास्त शिजून लगदा होण्याची भीती नाही. उलट पाणी उडून गेल्यावर तिला खरा चावा येतो. बटन अळंबीचे देठ काढून वाटीसारखी बाजू वर करून ठेवावी, ९० अंशांच्या आसपास पाऊण ते एक तास धूर द्यावा आणि मध्ये उलटू नये. वाटीत जो रस जमतो त्यात धुराचा सगळा अर्क उतरलेला असतो. शेवटी ग्रिल २०० अंशांवर नेऊन किंवा तापलेल्या लोखंडी तव्यावर तुपात लसणासह पाचेक मिनिटे परतावी.

धिंगरी पातळ असल्यामुळे तिला अर्धा तास पुरतो. ती फार सुटी करू नये, गुच्छानेच ठेवावी, म्हणजे कडा कुरकुरीत होतात आणि देठाकडचा भाग मऊ राहतो. मला विचाराल तर धुरासाठी बटनपेक्षा धिंगरीच सरस आहे, आणि हे मी ती पिकवतो म्हणून म्हणत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : गच्चीवरची चूल

दोघांचेही मनापासून आभार. अन्नासाठीचे पेलेट मागवले, अग्निपात्रातील राख काढली तर ती जवळजवळ वाडगाभर निघाली, आणि काल सांगितल्याप्रमाणे सर्व केले. पन्नास मिनिटांनी प्रत्येक वाटीत कोऱ्या चहाच्या रंगाचा रस जमला होता आणि अळंबीवर बदामी छटा आली होती. कडवटपणा अजिबात नव्हता. अर्धी अळंबी मी सावजी पद्धतीच्या रश्श्यात शेवटी घातली. सासूबाईंनी या वेळी वाटी पुन्हा पुढे केली.

दोन शंका उरल्या आहेत. सध्या भंडारा-गोंदियाकडून सात्या (रानातली अळंबी) येत आहेत, त्यांनाही असाच धूर देता येईल का? आणि काल मधेच वीज गेली, अशा वेळी काय करावे?

प्रतिसाद ३ : धूर आणि धग

सात्या वारुळाच्या जागी उगवणारी अळंबी आहे आणि चवीला अप्रतिम असते, पण ती फार नाजूक असल्यामुळे वीस मिनिटांपेक्षा जास्त धूर देऊ नये. वर्षानुवर्षे ओळख असलेल्या माणसाकडूनच ती घ्यावी. विषारी अळंबीतील काही विषे शिजवून, भाजून किंवा धूर देऊन नाहीशी होत नाहीत, आणि त्यांचा त्रास जाणवायला सहा तासांहून अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे थोडीशी चाखून पाहणे ही परीक्षा होऊ शकत नाही.

संत्र्याच्या लाकडाचे उत्तर राहिले होते. त्याचा धूर सौम्य आणि अळंबीला शोभणारा असतो, परंतु तुकडे टाकीत मुळीच घालू नका, कारण मळसूत्र साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या पेलेटसाठी बनवलेले असते आणि लाकडाचा तुकडा त्यात रुतून बसतो. सहा महिने ते वर्षभर सावलीत वाळलेले, साल काढलेले, बुरशी नसलेले तुकडे छिद्रांच्या पोलादी नळीत भरून, एका टोकाने पेटवून, ज्वाळा विझवून अळंबीशेजारी ठेवावेत. ही ग्रिल उघड्या गच्चीवरच वापरावी, पावसाच्या भीतीने बंद गॅलरीत आणू नये, कारण धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

वीज गेली की पंखा आणि मळसूत्र दोन्ही थांबतात, पण अग्निपात्रातील निखारे जळतच असतात आणि जाळ नळीतून उलट टाकीकडे सरकू शकतो. पेटवतानाची कांडी बरीच वीज ओढते, मात्र एकदा पेटल्यावर ग्रिलला फारशी वीज लागत नाही, म्हणून घरचा इन्व्हर्टर चालत असेल तर ग्रिल त्याच्यावर जोडून ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर झाकण आणि टाकी दोन्ही बंद ठेवून लक्ष ठेवा. टाकी गरम लागू लागली तर ती उघडू नका, जवळ पाण्याची बादली असू द्या. अर्धा तास धूर लागून झाला असेल तर अळंबीचे काही बिघडत नाही. ती सरळ गॅसवरच्या तापलेल्या तव्यावर घ्या आणि वाटीतला रस सांडू न देता तिच्यातच आटवा.