झाकण पडण्याआधीच अळ्या पिवळ्या होऊन मरत आहेत : पेटी जाळावी लागेल का?

प्रश्न
माझ्या सहा मधपेट्यांपैकी एकीत दहा दिवसांपासून अळ्या मरत आहेत. निरोगी अळी घराच्या तळाशी वळून, मोत्यासारखी पांढरी पडलेली असते. या मात्र पिवळसर पडून भिंतीशी पीळ घातल्यासारख्या आडव्यातिडव्या दिसतात आणि चौकटीला आंबूस वास येतो. एका परिचितांनी साखरेच्या पाकातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायला सांगितले आहे. ते लगेच द्यावे का?

पहिले उत्तर
कृपया आधी रोग निश्चित करा. फाउलब्रूड या नावाखाली मधमाश्यांच्या अळ्यांचे दोन वेगळे जिवाणूजन्य रोग येतात. युरोपियन फाउलब्रूडचा मेलिसोकोकस प्लुटोनियस हा जिवाणू अळीला बहुधा चार-पाच दिवसांची असताना, झाकण पडण्याआधी, म्हणजे माश्या तिचे घर मेणाने बंद करण्याआधी मारतो आणि बीजाणू (जिवाणूचे दीर्घकाळ टिकणारे सुप्त रूप) तयार करत नाही. अमेरिकन फाउलब्रूडचा पेनिबॅसिलस लार्वी मात्र बहुधा झाकणाखाली मारतो. झाकणे खचतात, तेलकट दिसतात, त्यांना भोके पडतात आणि बीजाणू 35 वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. औषधाने हे बीजाणू मरत नाहीत, फक्त लक्षणे दबतात आणि रोग नकळत शेजारच्या पेट्यांत जातो. म्हणून अमेरिकन प्रकारात वसाहत जाळणे हाच खात्रीचा मार्ग मानला जातो.

मेलेल्या अळीत काडी फिरवून ती हळूच वर ओढा. तपकिरी द्रवाची दोन-तीन सेंटिमीटर तार निघाली, तर अमेरिकन प्रकाराचा दाट संशय घ्यावा. तार न निघाली तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवाच, कारण नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. तोवर या पेटीची चौकट, मध किंवा हत्यार दुसऱ्या पेटीकडे नेऊ नका. अनेक देशांत हे रोग सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक असते, तेही पाहा.

प्रश्नकर्ता
तार निघाली नाही, द्रव पाण्यासारखा होता. प्रयोगशाळेचा अहवालही युरोपियन फाउलब्रूडचाच आला. माश्या अजून सात चौकटी भरून आहेत.

दुसरे उत्तर
सात चौकटी भरून माश्या आहेत, म्हणजे वसाहत वाचवण्याजोगी आहे. हा जिवाणू अळीच्या आतड्यात वाढतो आणि तिचेच अन्न खातो, म्हणजे अळी एका अर्थी उपाशी मरते. म्हणूनच अळ्यांना भरवणाऱ्या दाई माश्या कमी पडल्या किंवा परागाचा तुटवडा झाला की रोग उसळतो, आणि भरपूर अन्न मिळालेली अळी कधीकधी संसर्ग होऊनही तगते.

मी स्वतः औषधापेक्षा माश्या झटकून नव्या पेटीत घालण्याची पद्धत पसंत करतो. राणीसह सर्व माश्या स्वच्छ पेटीत, नव्या मेणपत्र्यांवर (पोळे बांधण्यासाठी चौकटीत बसवलेल्या मेणाच्या पातळ पत्र्यांवर) झटकाव्यात, अळ्यांच्या जुन्या चौकटी त्याच दिवशी संध्याकाळी जाळून टाकाव्यात आणि पोळी बांधून होईपर्यंत साखरेचा पाक द्यावा. जुन्या पेटीचा आतला भाग खरवडून ब्लोटॉर्चने तपकिरी होईपर्यंत भाजून घ्यावा. राणी जुनी असेल तर ती बदलणेही हिताचे ठरते. अंडे घातल्यापासून साधारण नवव्या दिवशी घरावर झाकण पडते, त्यामुळे नव्या पोळ्यातील पहिली पिढी झाकणाखाली जाईपर्यंत चौकटी नीट पाहत राहा. एकही पिवळी अळी दिसली तर पुन्हा नमुना पाठवा.