उजनीच्या गाळपेरीतील घरटी वाचवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. उजनी जलाशयाच्या इंदापूरकडील काठावर आमची साडेचार एकर शेती आहे. तीन एकर ऊस, उरलेल्यात मका आणि कडवळ. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या पट्ट्यातही आम्ही दरवर्षी गाळपेर करतो. माझा प्रश्न त्या पट्ट्यासमोरच्या मुरमाड उंचवट्याविषयी आहे.

पाणी उतरू लागले की हा उंचवटा बेटासारखा वर येतो आणि मार्चअखेरीपासून तेथे नदीसुरय (नदीकाठी राहणारे मासेखाऊ पक्षी) अंडी घालतात. कडेला टिटव्या आणि शेकाटेही असतात. घरटे म्हणजे नुसता खळगा, त्यात तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन राखी अंडी. पाय पडायची वेळ येईपर्यंत ती दिसत नाहीत. चहूबाजूंनी पाणी आहे तोवर चिंता नसते. मात्र उन्हाळी आवर्तन (धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना कालव्याला, बोगद्याला आणि सोलापूरच्या पिण्यासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सुटते, वर बाष्पीभवन, आणि मग बेट व काठ यांच्यामधली चिखलाची पट्टी आठवड्याभरात वाळून तिची वाट होते. त्या वाटेने कुत्री येतात, म्हशी येतात. मागच्या एप्रिलमध्ये आम्हीही तेथूनच ट्रॅक्टर नेला, कारण पाणी उपसायची मोटार ओसरत्या पाण्यामागे पुढे सरकवायची होती. परतताना चाकोरीच्या कडेला फुटलेली दोन अंडी दिसली. त्याआधी मी काठावरून सतरा घरटी मोजली होती. नवव्या दिवशी तेथे एकही पक्षी बसलेला नव्हता.

‘पक्ष्यांसाठी पाणी अडवा’ असे मी म्हणणार नाही. माझाच ऊस ते पाणी पितो. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचे तळाचे पाणी, आहे आणि अनेक उन्हाळ्यांत आपण त्यातलेही पाणी वापरतो. शिवाय पाणी उतरणे सर्वच पक्ष्यांना वाईट असते असेही नाही. भिगवण, कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांना उथळ पाणी आणि उघडा चिखलच हवा असतो. माझ्या मते खरी अडचण पातळी किती उतरते यापेक्षा ती कोणत्या आठवड्यांत आणि किती वेगाने उतरते ही आहे. अंडी उबण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, त्यानंतर पिल्ले उडेपर्यंतचा काळ वेगळा.

बेट आणि काठ यांच्यामध्ये तीन-चार फुटांचा चर खणला तर तो एप्रिलभर पाणी धरील, की गाळाने भरून येईल? अशा चरासाठी परवानगी कोणाकडे मागावी? धरणाची पातळी रोज मीटरमध्ये कळते (पूर्ण साठ्याला 496.83), त्यामुळे आमची वाट नेमक्या कोणत्या पातळीला उघडी पडते हे कमी खर्चात मोजता आले, तर तो आकडा घेऊन पाणी कधी सोडायचे यावर विचार करणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे आवर्तनाच्या तारखांविषयी विनंती करता येईल. अशी विनंती यापूर्वी कोणी केली आहे का, आणि ती कोणाच्या सहीने गेली? जायकवाडी किंवा नांदूर मधमेश्वरच्या काठावरील शेतकऱ्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

तराफ्यावर मोटार बसवली तर ट्रॅक्टर न्यावाच लागणार नाही असे शेजारी म्हणतात. साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीला असा तराफा ज्यांनी वापरला आहे, त्यांनी वाऱ्यात तो कसा टिकतो आणि केबलची व्यवस्था कशी केली, ते कृपया सविस्तर लिहावे. आमची मोटार फेब्रुवारीअखेर पहिल्यांदा सरकवावी लागते, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास या हंगामातच करून पाहता येईल.