१४२, स्ट्रँड: जॉन चॅपमनने लेखक घडवले की राबवले?

जुनी_पाने
इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज एलियट (हे एका बाईचं टोपणनाव) हिच्याबद्दल काही लिहून आलं की तिच्या पहिल्या प्रकाशकाला, जॉन चॅपमनला, दोन शब्दांत निकालात काढतात: बाईलवेडा आणि कर्जबाजारी. दोन्ही खरं आहे. १८५१ साली लंडनच्या स्ट्रँडवरच्या १४२ क्रमांकाच्या घरात त्याची बायको सुझॅना होती, जिच्याशी त्याचे संबंध होते ती मुलांची शिक्षिका एलिझाबेथ टिली होती, आणि भाड्याच्या खोलीत मेरियन इव्हान्स, म्हणजे पुढची जॉर्ज एलियट. खाली दुकान, वर हा संसार.

पण कर्ज का झालं? खपेल ते छापायचं, हे त्याला जमलंच नाही. १८४६ मध्ये त्याने जर्मन धर्मचिकित्सक स्ट्राउसच्या येशूचरित्राचं मेरियनने केलेलं भाषांतर काढलं. चमत्कार म्हणजे दंतकथा, असं सांगणारं पुस्तक, आणि तेही त्या काळच्या इंग्लंडात! १८४९ मध्ये त्याने काढलेली फ्राउडची, धर्मश्रद्धेवर शंका घेणारी कादंबरी ऑक्सफर्डच्या एका अध्यापकाने भर व्याख्यानात आगीत टाकली. तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचं पहिलं पुस्तकही त्यानेच काढलं. अमेरिकी लेखक एमर्सन १८४८ मध्ये त्याच्याच घरी उतरला होता. ज्यांना इतर दारं बंद होती त्यांना या माणसाने दार उघडलं, आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजली. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

कावेरीकाठ
असहमत. खिसा त्याचा होता का, हे आधी बघा. लग्नात बायकोकडून आलेला पैसा, मित्रांकडून उसने, एका श्रीमंत हितचिंतकाच्या मदतीने १८५१ मध्ये घेतलेलं 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' हे त्रैमासिक. आणि त्याचं संपादन कोणी केलं? मेरियनने. लेख मागवणं, तपासणं, काटछाट, मुद्रितं, लेखकांची मनधरणी, सगळं तिचं. १८५२ ते १८५४, दहा अंक, पगार शून्य. बाहेरच्या लेखकांना मानधन मिळे. शब्द जपून वापरतेय, पण याला राबवून घेणं म्हणतात. स्ट्राउसच्या दोन वर्षांच्या कामाचे तिला २० पौंड मिळाले, तेही ध्यानात घ्या.

मी स्वतः एका संस्थेच्या वार्षिक अंकाचं काम तीन वर्षं केलं आहे. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं. तेव्हा 'दार उघडलं' वगैरे ऐकलं की मला त्रास होतो.

रद्दीतला_राजा
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण १८५२ ची मे महिन्यातली सभा विसरू नका. पुस्तक विक्रेत्यांच्या संघटनेचा नियम होता: गिऱ्हाइकाला दहा टक्क्यांहून जास्त सूट द्यायची नाही. चॅपमन अमेरिकेतून पुस्तकं आणून थोड्या नफ्यावर विकत होता, म्हणून त्याची रसद तोडली. त्याने ४ मे रोजी आपल्याच घरी सभा भरवली. अध्यक्ष कादंबरीकार डिकन्स! मिल, कार्लाइल हे विचारवंत आणि राजकारणी ग्लॅडस्टन यांची पाठिंब्याची पत्रं. सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्पबेलच्या लवादाने महिन्याच्या आत नियमाविरुद्ध निकाल दिला, संघटना मोडली. सभेच्या रात्री बारा वाजता, स्पेन्सर सोडून बाकी सगळे गेल्यावर, मेरियनने पियानोवर हॅन्डेलची विजयधून वाजवून चॅपमनला सलामी दिली. राबवलेली बाई असं करते का?

पुस्तकवाले_काका
सभेचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा गल्ल्यावर बसून बघावं. वीस वर्षं दुकान चालवतोय. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याकडे आमच्या खरेदी किमतीहून कमी भावात पुस्तक मिळतं. गिऱ्हाईक आमच्याकडे चाळून बघतो, मोबाईलवर फोटो काढतो, जातो. सूट खुली झाली की छोटा दुकानदार मरतो. ब्रिटनलाही ते कळलं. १९०० पासून ठरल्या किमतीचा करार लागू झाला आणि जवळपास शंभर वर्षं टिकला. चॅपमनचा विजय पन्नास वर्षंही टिकला नाही. त्याची नियत चांगली असेल, पण धंद्याचं गणित त्याला कधी आलंच नाही. १८५४ मध्ये धनको दारात आले ते उगाच नाही.

घाटमाथा
थोडं अवांतर, पण आपल्याशी नातं असलेलं. १८५१ मध्ये या चॅपमनने भारतातल्या कापसावर आणि मुंबई इलाख्यातल्या रेल्वेवर एक पुस्तक काढलं. लेखकाचं नावही जॉन चॅपमन! हा दुसरा, नावबंधू. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा संस्थापक. १८४५ मध्ये मुंबईला येऊन याने घाटांची पाहणी केली होती. बोरीबंदर–ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. मुखपृष्ठावर तेच नाव दोनदा: वर लेखक, खाली प्रकाशक. ग्रंथालयांच्या याद्यांत दोघांची गल्लत होते. जपून.

जुनी_पाने
घाटमाथा, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. काका, गणिताचं मान्य. पुढे आपला प्रकाशक चॅपमन १८५७ मध्ये डॉक्टर झाला, पाठीच्या कण्यावर बर्फ ठेवून इलाज करू लागला, १८६५ मध्ये डार्विननेही तो करून पाहिला. पण 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' त्याने सोडलं नाही. पॅरिसला गेल्यावरही नाही, १८९४ मध्ये मरेपर्यंत नाही. जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने 'डार्विनवाद' हा शब्द १८६० मध्ये वापरला तो याच पानांत.

कावेरीताई, तेव्हा अशा नियतकालिकांतले सगळेच लेख निनावी असत. आणि मेरियन इव्हान्स हे नाव तिच्या हयातीत एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं: जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखच्या पुस्तकाचं १८५४ चं भाषांतर. प्रकाशक चॅपमन.

कावेरीकाठ
लेख निनावी होते, मान्य. पण संपादक कोण, हे लंडनात सगळ्यांना ठाऊक असे, आणि लोक नाव घेत ते चॅपमनचं. भाषांतरावर नाव दिलं, बरं केलं. त्या दहा अंकांचं काय?