लाइनवरच्या नऊ जणांना कुकर नाही, आम्ही वर्गणी काढून द्यावा का?

चाकणचा फिटर
चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, परमनंट. आमच्या लाइनवर चौदा माणसं. पाच आम्ही कंपनीचे, नऊ ठेकेदाराचे. काम तेच. अवघड स्टेशनं तर त्यांच्याकडेच जास्त, कारण आमच्या कंबरा बोलायला लागल्यात आणि सुपरवायझर आम्हाला काही सांगायला बिचकतो.

पगाराचा फरक इथं काढत नाही. तो विषय मोठा आहे, कोर्टकचेरीचा आहे. माझं विचारणं छोटं आहे.

खंडेनवमीला मशीन पुसायला, तोरणं बांधायला ते नऊच्या नऊ जण पहिल्या पाळीच्याही आधी हजर. आळेफाट्याकडचा एक पोरगा घरच्या शेतातला झेंडू घेऊन आला, पैसे घेतले नाहीत. पूजा झाली, साहेबांनी नारळ फोडला आणि एचआरवाले यादी घेऊन उभे राहिले. पाच लिटरचा कुकर, फक्त ऑनरोल, म्हणजे कंपनीच्या पटावरच्यांना. नावं पुकारली, आम्ही एकेक जण पुढे गेलो. बाकीच्यांना पेढा. त्याच पोरानं सुटताना माझं खोकं गाडीला दोरीनं बांधून दिलं, हसतहसत. घरी बायको म्हणाली, आपल्याकडे तीन आहेत, चौथा कुठं ठेवू?

कॅन्टीनला आमचं ताट पाच रुपयांत, त्यांचं चाळीसला. म्हणून बरेचसे डबा आणतात आणि सायकल स्टँडच्या कट्ट्यावर खातात. बसमध्येही आधी आम्ही.

आम्हा पाच जणांत विषय निघालाय की यंदा वर्गणी काढून नऊ कुकर आणू. एक म्हणतो ही भीक दिल्यासारखी होईल. दुसरा म्हणतो कंपनीनं द्यायचं ते आपण का भरायचं? ठेकेदारीत असलेल्यांनी सांगा, तुम्हाला काय वाटेल?

रांजणगाव_बी_शिफ्ट
दादा, विचारलंत हेच पुष्कळ. कुकर नको. आम्ही रूमवर सहा जण, एक शेगडी, कुकर ठेवायचा तर एकाला उठून बसावं लागेल. राग येतो तो नावं पुकारतात त्याचा. आम्ही तिथंच हात मागं बांधून उभे. तुमचे खोके लॉकरपाशी द्या ना, कोण बघतंय.

काही करायचंच असेल तर ताटाचं बघा. रोज चाळीस, सव्वीस हजेऱ्या, म्हणजे महिन्याला हजाराच्या वर. कुकर वर्षातून एकदा. आणि बोनस. आमच्या ठेकेदारानं दिवाळीला सोनपापडीचा डबा दिला, वर म्हणाला बोनस पगारातच धरलाय. स्लिप मागितली तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो म्हणाला. अजून टाकतोय.

पेरोलवाली
मी पिंपरीला एचआरमध्ये होते, आतली गोष्ट सांगते. आम्हाला पढवलेलं असायचं की ठेकेदाराच्या माणसाला कंपनीची वस्तू दिली तर तो उद्या लेबर कोर्टात म्हणेल, माझा मालक हाच. कुकरच्या बाबतीत हा बहाणा आहे. कोर्ट बघतं नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढून कोण टाकतं, देखरेख नि शिस्त कोणाच्या हातात आहे. रजा तुमचा साहेब मंजूर करत असेल तर कंपनीनं घाबरावं. कुकरवरून कुणी कायम झालेला मी तरी पाहिला नाही.

कॅन्टीन ही मुळात भेटच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कामगार’च होता, आणि अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन सक्तीचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत हा आकडा कंत्राटी धरून शंभरावर आलाय आणि कंत्राटी माणसांची ही सोय करण्याची जबाबदारी थेट मूळ मालकावर, म्हणजे ठेकेदारावर नव्हे तर कंपनीवर आहे. दर ठरतात कॅन्टीन समितीत. तिथं निम्मे कामगारांचे प्रतिनिधी बसतात. फिटरदादा, तुमच्या समितीत ठेकेदाराचा एक तरी माणूस आहे का?

बोनसचं रांजणगावच्या भावासाठी: वर्षात तीस दिवस भरले आणि महिन्याचा पगार एकवीस हजारांच्या आत असला, तर किमान ८.३३ टक्के हा हिशेब तुम्हालाही लागू. सात हजार किंवा किमान वेतन, जे जास्त असेल त्यावर. नुसते सात हजार धरले तरी पूर्ण वर्षाचे सात हजारांच्या घरात जातात. सोनपापडी त्यात वळती होत नाही. पगारात धरलाय म्हणत असेल तर स्लिपवर बोनसचा वेगळा रकाना दिसला पाहिजे.

निवृत्त प्रतिनिधी
कडू लागेल, पण मी युनियनकडून कंपनीशी करारांच्या टेबलावर बसलेला माणूस आहे. कंपनी एक आकडा घेऊन येते, तो परमनंटच्या डोक्यांनी भागायचा. भागाकारात डोकी वाढवा म्हटलं की आपलीच माणसं चहाकडे बघायला लागतात. आपलं ताट पाच रुपयांवर राहिलं ते आपल्या करारामुळे, आणि त्या करारात बाकीच्यांचं नाव कुणी घेतलं नाही. फिटर, तुमच्या कराराचं परिशिष्ट काढून वाचा.

‘भेट ही कंपनीची खुशी’ हे वाक्य जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९१७ च्या सुमाराला युद्धाच्या महागाईत बोनस सुरू झाला, तेव्हा मालक हेच म्हणत. तो बंद केला म्हणून १९२४ ला मोठा संप झाला. चौकशी समितीनं सांगितलं, कामगारांचा यावर हक्क नाही. कायदा व्हायला १९६५ उजाडलं.

वर्गणी मुळीच काढू नका. कंपनी म्हणेल, वा, प्रश्न मिटला. मागायचं तर करारात कलम मागा: गेटच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकाला सणाची वस्तू सारखी. त्यासाठी कुकरच्या जागी स्टीलचा डबा आला तर चालेल का, हे आधी आपल्या पाच जणांना विचारा.

चाकणचा फिटर
विचारलं. मी धरून चौघं तयार. पाचवा म्हणतो डबा नको, निदान कढई तरी.

परिशिष्ट वाचलं काका. ‘फक्त कायम कामगारांसाठी सवलतीचा दर’, खाली आपल्याच लोकांच्या सह्या. कॅन्टीन समितीत ठेकेदाराचं कुणी नाही. वर्गणी रद्द. सोमवारी युनियनच्या मीटिंगला ताटाचा दर आणि समितीतली एक जागा मांडतोय, कुकर त्यानंतर. ताई, पोरांनी स्लिपा आणून दाखवल्या. त्यांत बोनस कुठंच नाही, नुसतं ‘इतर भत्ते’ लिहिलंय. चालतं का असं?

पेरोलवाली
‘इतर भत्ते’ म्हणजे बोनस नव्हे. स्लिपांच्या झेरॉक्स काढा, हजेरीचे महिने जोडा, आणि ठेकेदार व कंपनी दोघांनाही एकाच तारखेला लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.